माणसं माझी, झाडं तुझी

‘लहान मुलासारखं चित्र काढता आलं पाहिजे’ असं उठसूट म्हणणाऱ्या चित्रकारांचा मला जरा कंटाळाच आहे. यातले किती जण चार-साडेचार वर्षांच्या पोराबरोबर एकाच कागदावर बसलेत? बसले तर कळेल, निरागस वगैरे काही नसतं तिथे. माझी भाची सरळ हुकूम सोडते, "मामा, तू झाडं काढ. माणसं माझी."

माणसं म्हणजे डोक्यालाच पाय फुटलेले, धड गायब, हात कानांच्या जागी. या वयाची बरीच मुलं अशीच माणसं काढतात, त्यात आमच्या भाचीचं विशेष काही नाही. (ताईला सांगू नका.)

पण परवा एका दिवाळी अंकासाठी लग्नातली पंगत काढायची होती. मी रीतसर पर्स्पेक्टिव्ह लावून बसलो होतो. रांगा लांब निमुळत्या होत गेलेल्या, पुढच्या आजोबांची भलीमोठी पाठ, आणि पानात काय वाढलंय ते कुणाचंच दिसत नाही. बरोबर होतं आणि मढं होतं. भाचीने शेजारीच खडूने तिची पंगत मांडली. पत्रावळी वरून पाहिल्यासारख्या गोल गोल, माणसं दोन्हीकडे आडवी पसरलेली, डोकी बाहेरच्या बाजूला. वाढपी तेवढा मधोमध उभा. आणि प्रत्येक पानात जिलबी!

वारली चित्रांतला तारपा नाच आठवा. नाचाचा फेरा वरून दिसतो, नाचणारे बाजूने. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं आम्ही कॉलेजात अभ्यासली, त्यावर सबमिशनंही केली. पण ती युक्ती स्वतःच्या कामात आणायचं सुचलं ते या पोरीमुळे. मी तिची मांडणी जशीच्या तशी उचलली. मग कुणाच्या पानात भात तसाच पडलाय, कोण मठ्ठ्याची वाट बघतंय, सगळं एका चौकटीत मावलं.

चित्राखाली आमची दोघांची नावं आहेत, आणि त्यावर मी ठाम आहे. मुलांकडून घ्यायचं आणि वर ‘प्रेरणा मिळाली’ म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. चित्रकार पॉल क्लेने १९११ मध्ये स्वतःच्या कामाची सूची करायला घेतली, तेव्हा त्यात लहानपणीची निवडक चित्रंही घातली. कलाशिक्षणातला सराव मात्र बहुतेक वगळला. पोराच्या चित्राला काम म्हणायचं ते असं.

आपल्याकडे उलट. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, आणि रंग रेषेबाहेर गेला की पाठीत धपाटा.

कुणाला करून बघायचं असेल तर कागद मोठा घ्या, खोडरबर कपाटात ठेवा आणि पोराच्या रेषेवर तुमची रेष मारू नका. पोर कंटाळून उठलं की तुम्हीही उठा. उरलेलं तुम्ही एकट्याने ‘पूर्ण’ केलंत तर दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागतो.