आशा ठेवा, पण पैसे भरण्याआधी विचारा
ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावर, स्टेम सेल उपचाराबद्दलचा लेख वाचला. अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलपासून (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) हाड बांधणाऱ्या पेशी तयार होतात, हे त्यात छान समजावलंय. पण सलाईनमधून दिलेल्या या स्टेम सेल बहुतांशी फुप्फुसातच अडकतात, हाडापर्यंत फार थोड्या पोचतात, ही अडचणही यायला हवी होती. मणक्याला फ्रॅक्चर झालेल्या आईसाठी मुलं वाट्टेल तेवढे पैसे भरायला तयार होतात हो! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑस्टिओपोरोसिसवर हा उपचार मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलबाहेर (रुग्णांवरच्या संशोधन-चाचणीबाहेर) देताच येत नाही. हा उपचार सिद्ध होईतोवर हाडांसाठी अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी आहे, झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, हाडं फारच ठिसूळ असतील तर टेरिपॅराटाइड हे औषध आहे. पण आपल्याकडे कितीतरी बायकांची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी खुबा मोडल्यावरच होते, याचं फार वाईट वाटतं.