जुन्या ड्रमसेटला भोक पाडू नका: एक खुलासा

‘1960च्या दशकातला लुडविग (अमेरिकन कंपनी) ड्रमसेट आज वाजवायचा असेल तर शेलला (ड्रमच्या लाकडी अंगाला) भोकं पाडून नवा माउंट (ड्रम टांगायचा आधार) बसवावाच लागतो,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हा सल्ला मानून कोणी ड्रिल हातात घेण्याआधी हे वाचावं, ही कळकळीची विनंती.

मॅपल, पॉपलर, महोगनी अशा पातळ थरांचं ते शेल. एकदा भोक पडलं की बुजवता येतं, पण सेटचं मूळपण परत येत नाही आणि किंमतही उतरते.

त्याऐवजी 13 इंची टॉम (बास ड्रमच्या वर बसणारा छोटा ड्रम) सरळ स्नेअर स्टँडवर, म्हणजे स्नेअर ड्रमच्या तिपाईवर ठेवा. स्टँडची पकड हलकीच असू द्या. घट्ट आवळली की टॉमचा नाद गुदमरतो. टॉम टांगायचाच असेल तर गॅरी गॉजर यांनी शोधलेली रिम्स ही टांगणीची पद्धत आहे. तिची पट्टी टेन्शन रॉडना (ड्रमचा पडदा ताणणाऱ्या सळ्यांना) अडकते, टॉमचा भार ती पेलते आणि शेलला स्क्रू लागत नाही.

बास ड्रम (पायाने पेडल दाबून वाजवायचा मोठा ड्रम) पुढे सरकतो ही तक्रार मात्र खरी. त्यासाठी हूपला (ड्रमच्या कडेच्या गोल कड्याला) चिमट्यासारखे बसणारे पाय मिळतात. खाली जाड सतरंजी घाला. पेडलच्या पकडीत रबराचा तुकडा ठेवा, म्हणजे लाकडी हूप चेपणार नाही.

फ्लोअर टॉमचे (स्वतःच्या पायांवर उभ्या मोठ्या टॉमचे) पाय घसरत असतील तर ब्रॅकेटच्या (पाय धरणाऱ्या पकडीच्या) लगेच खाली पायावर होज क्लॅम्प (पाइप आवळायची धातूची पट्टी) आवळा. काढला की सेट होता तसाच.