गच्चीला भोक पाडायचे नाही

ज्या सभेला मी उशिरा पोहोचलो, त्याच सभेत मला सोसायटीचा सचिव नेमण्यात आले आणि गच्चीवरचे पाणी तापवणारे सोलर आपसूक माझ्या गळ्यात पडले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्यात वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला होता; विलेपार्ल्यात आमच्या आधीच्या समितीने कपडे वाळवायच्या दोरीने टाकीला बांधलेले एक पॅनेल त्या दिवशी उठून कठड्याला टेकले, ते तसेच टेकून होते.

ठेकेदार म्हणाला, "स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारतो, विषय संपला." वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "संपत नाही, माझ्या हॉलमध्ये सुरू होतो," आणि त्यांनी छतावरच्या ओलीचे मोबाइलमध्ये जपलेले फोटो सभेत फिरवले. कोब्याचे वॉटरप्रूफिंग नुकतेच झालेले असल्याने, भोक न पाडता वजन ठेवून पॅनेल दाबावेत असा ठराव एकमताने झाला. वजन किती, यावर मात्र लिलाव सुरू झाला आणि पहिली बोली दोन विटांची लागली.

शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो आणि भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे, असे त्याने सांगितले. ढोबळ हिशेबाने हा दाब चौरस मीटरला ११८ किलो भरतो. म्हणजे दोन चौरस मीटरचे पॅनेल जागेवर ठेवायला त्यावर खजिनदारांसह आमचे तीन समिती सदस्य बसवावे लागतील. सदस्यांची तयारी नसल्याने काँक्रीटचे ठोकळे ठरले. एक फूट लांब, रुंद आणि उंच ठोकळा सुमारे ६८ किलोचा असतो, हे लिफ्टला कळण्याआधी वॉचमनला कळले आणि त्याने लिफ्ट बंद ठेवली.

इंजिनिअर सगळे पॅनेल एका चौकटीत जोडून कठड्यापासून आत घ्यायला सांगत होता, कारण भिंतीवर आदळून वर चढणारा वारा गच्चीच्या कडांवर, त्यातही कोपऱ्यांत, सर्वांत जोराने वर ओढतो. बाजूला साबुदाण्याच्या पापड्या घालत बसलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "म्हणून तर कोपऱ्यावर वरवंटा ठेवलाय." त्यांच्या प्लास्टिकच्या चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा होत्या, मध्यावर फक्त एक चमचा होता. इंजिनिअरने त्याचा फोटो काढला. आमच्या ठरावाचा काढला नाही.

ठोकळे रबरी पट्ट्यांवर बसून आता दोन पावसाळे झाले आहेत आणि पॅनेल जागचे हललेले नाहीत. उन्हाळ्यात मात्र काकूंचे प्लास्टिक त्याच ठोकळ्यांना बांधलेले असते, त्यामुळे काच पुसायला येणारा मुलगा पापड्या वाळेपर्यंत माझ्याकडे चहा पीत बसतो.