‘रोजावरचा गवंडी पुरे, ठेकेदार कशाला?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पाऊस लांबला की असा एक मेसेज ग्रुपवर फिरू लागतोच. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ-माढ्याच्या गावांत शिरलं. सोलापूरच्या जुन्या पेठांतली माळवदं (तुळयांवर मातीचा थर दिलेली सपाट छपरं) तर दर पावसाळ्यात गळतात, त्यामुळे वाचणारे भरपूर. मेसेजचा सारांश असा: ‘ऊन पडलं की सिमेंटचा गिलावा मारा, तडे भरा, स्लॅबला पुट्टी लावून वॉटरप्रूफ रंग द्या. पंधरा दिवसांत घर नवं. ठेकेदार फुकटचे तीस टक्के खातो.’

एका खोलीचा गिलावा उखडलाय, दहा-वीस फरश्या खचल्यात, एवढ्यासाठी ठेकेदार नकोच. चांगला गवंडी पुरतो. पण मेसेज सरसकट सगळ्या घरांबद्दल बोलतो, आणि तिथेच घोटाळा आहे.

‘ऊन पडलं की गिलावा मारा.’ सोलापूरचं ऊन भिंतीचा वरचा पापुद्रा चटकन वाळवतं, पोटातली ओल तशीच राहते. पाणी जिथवर चढलं त्या खुणेच्या निदान फूटभर वरपर्यंतचा जुना गिलावा आधी काढा, म्हणजे भिंत मोकळी होईल. मग दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. नऊ इंची विटांच्या भिंतीला दोन-तीन महिने सहज लागतात. मधल्या काळात लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटला तर तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा आणि बाहेर टाका. धुतलात तर क्षार पाण्याबरोबर पुन्हा भिंतीत मुरतात.

‘सिमेंटचा गिलावा सगळ्यात मजबूत.’ मजबूत आहे, म्हणूनच पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीला तो चालत नाही. भिंत ओल घेते, सोडते, थोडी हलते. वरचं कडक कवच ना ओल बाहेर सोडतं, ना भिंतीबरोबर हलतं. मग गिलावा पोकळ वाजू लागतो आणि एक दिवस मागची माती घेऊनच पत्र्यासारखा सुटतो. अशा भिंतीला भुसा घालून मुरवलेल्या मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच हवा. विटांच्या जुन्या भिंतीला एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू हे मिश्रण बरं.

माळवद असेल तर भिंतीला हात लावण्याआधी वर बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे एक ब्रास (शंभर घनफूट) माती, साडेचार ते पाच टन वजन. भिजली की आणखी वाढतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं आणि बाहेरून ते दिसत नाही. तुळईखाली टेकू न देता भिंतीच्या पायथ्याची माती उकरणं म्हणजे जिवाशी खेळ.

‘तडे भरून टाका.’ आधी तडा चालू आहे की थांबलाय ते बघायला हवं. तड्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा द्या आणि त्यावर तारीख लिहा. पट्टा फुटला तर तडा चालू आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया तिच्यावर असेल तर भरलेला तडा मे महिन्यात पुन्हा उघडतो. अशा वेळी पहिला खर्च तड्यावर नाही, घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेल्या फरसबंदीवर आणि पन्हाळीचं पाणी पायापासून दूर नेण्यावर करायचा.

‘स्लॅबला पुट्टी.’ हा सगळ्यात घातक सल्ला. स्लॅबमधला गंजलेला गज फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलतो. पुट्टीने फक्त डाग झाकला जातो. हातोडीने ठोकून भदभद वाजणारा भाग आधी खडूने आखायचा. टेकू लावायचे, मगच काँक्रीट फोडायचं, आणि तेही गजाच्या मागे इंचभर जागा मोकळी होईपर्यंत. गज तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा, फार बारीक झाला असेल तर शेजारी नवा जोडायचा. मग गंजरोधक थर, त्यावर पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला). नव्या काँक्रीटला पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं, आपल्याकडच्या कोरड्या उन्हात चौदा. जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे साठा कुठे करायचा, गोणपाट ओलं कोण ठेवणार, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं. बोअरचं खारं पाणी गजाजवळ नको.

‘ठेकेदार फुकटचे खातो.’ काही जण खातातही. पण गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाला आणि वायरमन यांचा क्रम लावणं आणि चुकलं तर पदरचं घालून पुन्हा करून देणं याचेच ते पैसे असतात. रोजावरच्या माणसाकडून ही हमी मिळत नाही. दुरुस्तीचं काम गुत्त्यावर (एकरकमी ठरवून) मात्र देऊ नका. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून ठेकेदार एकतर दर फुगवतो, नाहीतर मधेच काम सोडतो. प्रत्येक कामाचा चौरस फुटाचा किंवा ब्रासचा दर लिहून घ्या. फोडलेल्या भागाचं माप झाकण्याआधी दोघांनी मिळून घ्या, टेप दिसेल असे फोटो काढा आणि सह्या करा. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या आणि पाच ते दहा टक्के पुढचा पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

सरकारी मदत मागणार असाल तर पंचनामा होईपर्यंत पाडापाडी करू नका. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला ६,५०० रुपये होते, तेही किमान १५ टक्के नुकसान दिसलं तर. नवा गिलावा मारलेल्या भिंतीत ते दिसणार नाही.