ही जखम सात दिवसांत बंद होऊ नये, म्हणूनच ती उघडी ठेवलेली असते

दोन महिन्यांपासून एक मेसेज माझ्या पेशंटच्या घरोघरी फिरतो आहे. मूळव्याध किंवा भगंदराचं (गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेला पुवाचा मार्ग) ऑपरेशन झालं असेल तर रोजचं ड्रेसिंग विसरा, जैविक पट्टी लावा. सात दिवसांत जखम बंद, दुखणं शून्य, आजार परत येत नाही. पट्टी नैसर्गिक, म्हणून अपाय नाही. आणि डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत. असं सगळं त्यात आहे.

मी नागपुरात घरी जाऊन ड्रेसिंग करते. आधी बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात होते, आता मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत स्कूटीवर फिरते. या मेसेजमुळे लोकांचं नुकसान होताना मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

पहिला दावा, सात दिवसांत जखम बंद. सगळा घोळ इथेच आहे.

नंदनवनकडच्या एका पानठेलेवाल्या दादांचं भगंदराचं ऑपरेशन झालं होतं. मेसेज वाचून घरच्यांनी पट्ट्या आणल्या, वरून चिकटवल्या आणि मला येऊ नका म्हणून सांगितलं. दहा दिवसांनी वहिनींचा फोन आला, "वरून तं भरली ना जी ताई, मंग ठणका काहून मारते?" मी जाऊन पाहिलं. वर गुलाबी, पातळ, नवी कातडी आलेली. कडेला हातमोज्याच्या बोटाने हलकं दाबलं तर कोपऱ्यातून पिवळा पू आला. कातडी वरून जुळली होती आणि खाली पोकळी तशीच राहिली होती. त्याच दिवशी त्यांना सर्जनकडे पाठवलं, जखम पुन्हा उघडावी लागली. दोष पट्टीचा होता असं मी म्हणत नाही. दहा दिवस त्या जखमेच्या आत कोणी पाहिलंच नाही, त्याने घात केला.

भगंदराचा मार्ग उघडला की जखम तळापासून वर भरत यायला हवी. तळाशी लाल, दाणेदार मांस धरतं, ते हळूहळू वर येतं आणि कातडी सगळ्यात शेवटी येते. रोज गॉजची घडी आत ठेवायची ती कडा आधी जुळू नयेत म्हणून. खोलीप्रमाणे याला साधारण चार ते बारा आठवडे लागतात. मूळव्याधीच्या उघड्या ऑपरेशनची जखमही चार ते सहा आठवडे घेते. ही पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या मिलिगन आणि मॉर्गन या सर्जननी १९३७ मध्ये मांडली. तिच्यात जखमा उघड्या ठेवतात आणि दोन जखमांच्या मध्ये चांगल्या कातडीची पट्टी राखतात, नाहीतर भरताना वाट आक्रसते. म्हणजे हा उशीर विचार करून ठेवलेला आहे.

आता पट्टीचं खरं काय ते सांगते, कारण ती वाईट वस्तू नाही. जैविक पट्टी म्हणजे बहुतेक वेळा कोलॅजनची, म्हणजे कातडी-हाडांतल्या प्रथिनाची, पट्टी किंवा पावडर. कधी बाळंतपणात मिळालेल्या वारेचा पातळ पडदा, कधी डुकराच्या आतड्याचा थर. भाजलेल्या जखमेवर, किंवा मांडीवरून कातडी काढलेल्या जागेवर कोलॅजन छान काम करतं. उघड्या नसा झाकल्या जातात, ओल टिकते, नव्या पेशींना धरायला आधार मिळतो. मी स्वतः लावलं आहे आणि पेशंटची कळ कमी झालेली पाहिली आहे. पण मांडीवर पट्टी दिवसच्या दिवस न हलता राहते. गुदद्वाराशी रोज शौच होतं, दोन बाजू एकमेकींवर घासतात, सतत ओल असते आणि तिथले जंतू कोलॅजनच खाऊन टाकतात. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा पंचेचाळीसला आणि घामाच्या धारा. सकाळी लावलेली पट्टी संध्याकाळी पॅडवर गोळा होऊन आलेली मी कितीदा काढली आहे.

दुखणं शून्य होतं, हा दुसरा दावा. या दुखण्यातला मोठा वाटा गुदद्वाराचा आतला स्नायू आवळून धरतो त्याचा असतो. वरच्या पट्टीने तो सैल पडत नाही. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा बसा, इसबगोल आणि भरपूर पाणी घेऊन शौच मऊ ठेवा, गोळ्या वेळेवर घ्या. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर मेट्रोनिडाझोलचं मलम लावल्याने दुखणं कमी होतं, हे चाचण्यांत दिसलं आहे. त्याबद्दल सर्जनला विचारा.

आजार परत येत नाही, हे तर सरळ खोटं. भगंदर परत येतं ते आतलं तोंड किंवा एखादी फांदी राहून गेली म्हणून. डुकराच्या आतड्यापासून केलेली जैविक खुंटी भगंदराच्या मार्गात बसवायची पद्धत निघाली, तेव्हा २००६ च्या सुमारास ऐंशी टक्क्यांवर यश मिळाल्याचं सांगितलं जात होतं. पुढे ब्रिटनमध्ये ३०४ पेशंटवर मोठी चाचणी झाली. वर्षभरानंतर खुंटीवाल्यांपैकी ५४ टक्के बरे होते आणि सर्जनच्या नेहमीच्या पद्धतींनी ५५ टक्के. आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) क्षारसूत्राची, म्हणजे भगंदराच्या मार्गात औषधी क्षार लावलेला दोरा घालायच्या आयुर्वेदिक पद्धतीची, चाचणी केली, तिचा निकाल १९९१ मध्ये आला. क्षारसूत्राला आठ आठवडे लागले, ऑपरेशनच्या जखमेला चार. पण भगंदर परतण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११ टक्के निघालं. लवकर भरणं आणि कायमचं बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांतून नीट कळतं.

नैसर्गिक म्हणून अपाय नाही, याबद्दल थोडक्यात. इतवारीतल्या एका जैन आजींच्या टेबलावर मी असं खोकं पाहिलं. आत काय आहे ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी वाचून दाखवलं, गाय-बैलाचं कोलॅजन. आजींनी ते दोन बोटांनी दूर सरकवलं. कोलॅजन गाय-बैलाचं, माशाचं किंवा डुकराचं असू शकतं. वापरायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण तो आधी विचारून व्हायला हवा. काहींना त्याची अॅलर्जीही येते. आणि पट्टीखाली पाणी साचलं तर तिथेच पू धरतो.

डॉक्टर लपवतात, हेही खरं नाही. मधुमेहाच्या पेशंटची खोल, रेंगाळलेली जखम नीट साफ झाल्यावर कोलॅजनची पावडर लिहून देणारे सर्जन मला धंतोलीत आणि रामदासपेठेत भेटले आहेत. त्यांनी लिहून दिली तर जरूर वापरा. फक्त विचारा, कशापासून केली आहे, किती लागतील, आणि खाली जखम कोण, किती दिवसांनी पाहणार. पण मेसेज वाचून पट्ट्यांसाठी कर्ज काढू नका. मेडिकल-मेयो या इथल्या सरकारी दवाखान्यांत साध्या सलाइनवर आणि गॉजवर जखमा रोज भरतात.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रेंगाळलेल्या जखमेची. दोन-तीन महिने झाले तरी जखम हलत नसेल तर नवी पट्टी शोधू नका, जखमेचा तुकडा तपासून घ्या. आपल्याकडे त्यात टीबी निघतो, कधी आतड्याचा क्रोन्स आजार, क्वचित कॅन्सर. वाढलेली साखर तर नेहमीचीच. असली जखम पट्टीने झाकली की निदानाचे महिने वाया जातात.

पानठेलेवाल्या दादांकडे मी रोज सकाळी सातला जाते. दुसऱ्यांदा उघडल्यावर गॉजची घडी दोन पेरं आत जात होती. परवा पाच आठवडे झाले. आता नखाएवढी जाते, तळ लालबुंद आहे, आणि वहिनी शेजारी उभं राहून स्वतः टॉर्च धरतात.