सी ड्राइव्हला आलेला पूर

नाशकात पावसाळ्यात किती मिलिमीटर पाऊस झाला, असं कोणी विचारत नाही. विचारतात, "मारुतीला पाणी कुठवर लागलं?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे आमचं घरगुती मोजमाप. पायाला लागलं म्हणजे गंगापूर धरणातून थोडं सोडलंय, काळजी नको. कमरेला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवतात. छातीच्या वर गेलं की अर्धं गाव पूर बघायला निघतं आणि उरलेलं अर्धं त्यांना शिव्या घालत घरी फोनवर व्हिडिओ बघतं. 2019 च्या ऑगस्टात तो पार बुडाला होता. मी पंचवटीतला, त्यामुळे सिडकोपासून नाशिकरोडपर्यंतचे नातेवाईक पावसाळाभर मला फोन करून मारुतीची खुशाली विचारतात. माझी कोणी विचारत नाही.

तर गेल्या श्रावणात माझ्या लॅपटॉपमधल्या मारुतीच्या नाकात पाणी गेलं.

सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली. 238 जीबीपैकी शिल्लक 900 एमबी. (खोक्यावर 256 लिहिलेलं असतं, आत 238 निघतात. मोजणारे दोघं वेगवेगळी मापं वापरतात म्हणे. रद्दीवाल्याचंही तेच म्हणणं असतं.) एक्सेलची शीट सेव्ह होईना, मेल उघडेना. मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे. हिशेब न जुळणं हे माझ्या धंद्यात पाप, म्हणून रविवारी सकाळी मिसळ खाऊन, दोन वाट्या रस्सा जास्तीचा घेऊन, सफाईला बसलो.

आधी भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ उडवला. तो तसाही कोणी पाहिला नव्हता, भाच्यानेसुद्धा. मग 2015 च्या सिंहस्थाचे फोटो. त्यातले बरेचसे समोरच्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागाचे होते. डाउनलोड्समध्ये एकाच वीजबिलाच्या अकरा प्रती सापडल्या. सगळं काढलं. मग वही घेऊन एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून आकडे मांडले. बेरीज आली 170. डिस्क म्हणते 231 भरलेत. फरक 61 जीबी.

पुन्हा बेरीज केली. पुन्हा 61.

"अहो, जेवायला येताय ना?" आतून हाक आली.

"एकसष्ट कुठे गेले ते सापडेना!"

"किती रुपये?" ही लगेच बाहेर. जीबी म्हटल्यावर परत आत.

शेवटी विंडोजच्या पोटात शिरलो. तिथे सीएससी नावाचं एक फोल्डर. आकार: शून्य. उघडायला गेलो तर "तुम्हाला परवानगी नाही." माझा लॅपटॉप, माझ्या मांडीवर, आणि मलाच परवानगी नाही! ज्या खोलीला कुलूप आहे आणि घरातले सगळे "काही नाही हो त्यात" म्हणतात, त्या खोलीतच सगळं असतं, एवढं वाड्यात वाढलेल्या माणसाला कळतं.

आणि मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी कारखान्याबाहेर जेसीबीने केबल तोडली होती. सर्व्हर दुसऱ्या इमारतीत. दीड दिवस एस ड्राइव्ह बंद. एस म्हणजे सगळ्या खात्यांची सामायिक कोठी. साहेबांनी आयटीतल्या पोराला बोलावलं, म्हणाले, "कॉस्टिंगचं काम अडता कामा नये." त्याने माझ्या लॅपटॉपवर एस ड्राइव्हमधल्या आमच्या खात्याच्या फोल्डरवर राइट क्लिक केलं आणि "ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन" पुढे बरोबरची खूण केली. जागेची मर्यादाही पट्टी सरकवून वाढवून ठेवली. "झालं काका. आता नेट असो, नसो." त्या फोल्डरवर एक हिरवा गोळा आला, त्यात एकमेकांची शेपटी पकडायला धावणारे दोन बाण. मला ते चिन्ह फार आवडलं होतं. आता कळतंय की तीन वर्षं ते दोन बाण माझीच जागा खात पळत होते.

या ऑफलाइन फाइल्सची गोम अशी की त्या दिसतात एस ड्राइव्हवर आणि राहतात सी ड्राइव्हवर, त्या कुलपाच्या खोलीत. ऑफिसात असलं की फाईल सर्व्हरवरून येते, घरी असलं की कोठडीतून. पण नाव तेच, पत्ता तोच, चेहरा तोच. बघणाऱ्याला फरक कळू नये हाच तिचा मोठेपणा. म्हणजे हासुद्धा दुतोंड्याच. एक तोंड सातपूरला, एक पंचवटीला.

हे मला रविवारी कळलं असतं तर सोमवार टळला असता.

रविवारी मी विचार केला तो साधा, सरळ आणि मूर्खपणाचा. मी घरी, नेट ऑफिसचं नाही, म्हणजे आत्ता जे समोर दिसतंय ती माझी प्रत. माझी प्रत मी काढली तर सर्व्हरचं काय जातं? एस ड्राइव्हमध्ये शिरलो, जुन्या रेट शीट निवडल्या, डिलीट दाबलं. विंडोजने विचारलं, "कायमच्या काढायच्या?" एरवी रिसायकल बिनमध्ये टाकू का म्हणून विचारणारा प्राणी आज "कायमच्या" म्हणतोय, इथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली. मिसळीचा रस्सा अंमल करत होता. "हो" म्हटलं. दोन जीबी मोकळे झाले. मारुतीचं नाक बाहेर आलं. मी दुपारी गाढ झोपलो.

सोमवारी नऊला लॅपटॉप ऑफिसच्या नेटला लावला. ते दोन बाण प्रामाणिकपणे धावले. घरी मालकांनी काय केलं याचा वृत्तांत त्यांनी सर्व्हरला दिला: मालकांनी फाइली काढल्या, तुम्हीही काढा. सर्व्हरने काढल्या. कुरकूर नाही, प्रश्न नाही. इतकं आज्ञाधारक खातं आमच्या कारखान्यात दुसरं नाही.

सव्वानऊला साहेब केबिनच्या दारात. "अहो, मागच्या वर्षीच्या रेट शीट कुठे गेल्या?"

मी स्क्रीनकडे बघून, अगदी गंभीर चेहऱ्याने, "बघतो हं," म्हटलं. कॉस्टिंगमध्ये वीस वर्षं काढल्यावर हा चेहरा जमतो.

आयटीच्या खोलीत धावलो. त्या पोराने ऐकून घेतलं, हसला नाही, हे त्याचे संस्कार. म्हणाला, "काका, सर्व्हरवर शॅडो कॉपी असते, ठरलेल्या वेळी टिपून ठेवलेली प्रत. सकाळी सातची आणि दुपारी बाराची. तुम्ही नऊला उडवलं ना? मग सातची सावली शिल्लक आहे." प्रीव्हियस व्हर्जन्स उघडून त्याने सकाळी सातचा एस ड्राइव्ह दाखवला. माझी रेट शीट तिथे शांत बसलेली, जणू काही झालंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा सकाळी सात या वेळेबद्दल मला प्रेम वाटलं.

"आता तुम्ही काही डिलीट करू नका. संध्याकाळी घरून फोन करा, मी सांगतो तसं करा. कुठे अडलं तर मी इथून तुमच्या मशीनमध्ये शिरतो."

संध्याकाळचा तो फोन पाऊण तास चालला.

"काका, कंट्रोल पॅनल. सिंक सेंटर. डावीकडे मॅनेज ऑफलाइन फाइल्स. दिसलं?"

"दिसलं. आता डिसेबलचं बटण दिसतंय, दाबू?"

"नको! डिसेबल केलं तरी साठा तसाच पडून राहतो, फक्त तुम्हाला दिसायचा बंद होतो. डिस्क युसेजवर जा."

गेलो. ऑफलाइन फाइल्सनी व्यापलेली जागा: 59 जीबी. दोन मी रविवारी मारले होते ते धरून 61. हिशेब जुळला! मी खुर्चीत मागे रेलून क्षणभर डोळे मिटले. जागा मिळाली नसली तरी चालेल, बेरीज आली.

"आता डिलीट टेम्पररी फाइल्स दाबा."

इथे माझा हात थांबला. पुन्हा डिलीट? त्याने समजावलं: हे बटण फक्त प्रत काढतं, सर्व्हरचं मूळ तसंच राहतं. म्हणजे काय डिलीट केलं यापेक्षा कुठून डिलीट केलं हे महत्त्वाचं. एकच क्रिया, एका दाराने केली तर साफसफाई, दुसऱ्या दाराने केली तर नुकसानभरपाई. दाबलं. चार जीबी गेले. बस्स, चारच.

"अरे, बाकीचे?"

"ते टेम्पररी नाहीत ना. ते आपण कायमचे म्हणून खूण केलेले. आधी एस ड्राइव्हमध्ये ती ऑलवेज अव्हेलेबलची खूण काढायची, मग ते टेम्पररी होतात, मग परत हे बटण."

म्हणजे कायम कामगाराला आधी हंगामी करायचं आणि मग कमी करायचं. सातपूर एमआयडीसीत राहून मला हे नव्याने सांगायची गरज नव्हती.

पण खूण काढण्याआधी सिंक, म्हणजे माझी प्रत आणि सर्व्हरची प्रत सारखी करणं, पूर्ण करायला हवं, नाहीतर माझ्याकडचे न पोचलेले बदल बुडणार. तेव्हा पोराने दुसऱ्या दिवशी ऑफिसात सिंक लावून दिलं आणि सतरा ठिकाणी तंटे निघाले. कॉन्फ्लिक्ट. एकच शीट मी घरी बदललेली, तीच शीट परचेसवाल्याने ऑफिसात बदललेली, आणि सिंक सेंटर पंचासारखं मधे उभं: ही ठेवू, ती ठेवू, की दोन्ही ठेवू? पहिल्या दोनेक शीटना मी उघडून, आकडे ताडून, न्याय केला. तिसऱ्यापासून "दोन्ही ठेव" दाबत गेलो.

आमच्या रामकुंडावर हे काम वेगळ्या पद्धतीने चालतं. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. गाव सांगा, आडनाव सांगा, ते बासन सोडतात आणि तुमच्या पणजोबांचं नाव काढून देतात, खाली त्यांची सही. वडिलांचं करायला गेलो तेव्हा मी पाहिलंय. मधल्या काळात घरात कोण जन्मलं, कोण गेलं ते उपाध्ये विचारतात, पुढे लिहून घेतात, तुमची सही घेतात. सिंक झालं. काका म्हणाले पणजोबांचं नाव विष्णू होतं आणि वही म्हणाली विठ्ठल, तर काकांचं ऐकून वही कोणी खोडत नाही. काकांना चहा देतात. मला वाटतं सिंक सेंटर लिहिणाऱ्यांनी एकदा रामकुंडावर चक्कर मारायला हवी होती.

असो. खूण काढली, बटण दाबलं, आणखी तीस जीबी सुटले. उरलेले पंचवीस मात्र हलेनात. एका जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या सर्व्हरच्या नावाचा साठा होता तो. सर्व्हर भंगारात गेला, त्याची पोरं माझ्या घरात राहिली.

"मग आता शेवटचा उपाय," पोरगा म्हणाला, आणि त्याचा आवाज गुरुजींसारखा झाला. "रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली वही. एचकी लोकल मशीन. सिस्टिम. करंट कंट्रोल सेट. सर्व्हिसेस. सीएससी. पॅरामीटर्स." गोत्र, प्रवर, शाखा, सूत्र. मी मागोमाग म्हणत गेलो. "तिथे फॉरमॅट डेटाबेस नावाचा डीवर्ड करायचा, किंमत एक. मग रीस्टार्ट. सगळा साठा नव्याने कोरा होतो."

"सगळा?"

"सगळा. एक्सपीच्या काळी सोपं होतं म्हणे, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरायचे आणि डिलीट फाइल्सचं बटण दाबायचं. आमच्या सरांनी सांगितलंय." एक्सपीच्या काळी हे पोरगं बालवाडीत असणार. दोन बोटं दाबून धरायची, तिसऱ्याने क्लिक; आचमनाचाच प्रकार. "पण काका, आधी एक बॅकअप घेऊन ठेवा बरं का. काही राहिलं असेल तर."

बॅकअप कुठे घेणार? पेनड्राइव्ह ऑफिसात चालत नाहीत, आणि माझ्याकडे आहे तो आठ जीबीचा, त्यात आरत्या. घरी आलो तर मुलीचा लॅपटॉप टेबलावर होता. कॉलेजचं पोर, त्यात काय असणार. रात्री ती झोपल्यावर घरच्या वायफायवरून उरलेले ते पंचवीस जीबी सगळे तिकडे ओतले. फोल्डरला नाव दिलं "बाबा तात्पुरतं". दोनच दिवसांचा प्रश्न होता.

मग पॅरामीटर्स, डीवर्ड, एक. रीस्टार्ट. स्क्रीन काळी, गोल गोल ठिपके. मी रामरक्षा अर्ध्यापर्यंत आणली तेव्हा लॉगिन आलं. सी ड्राइव्ह उघडला. पट्टी निळी, लांबलचक मोकळी. पाणी मारुतीच्या घोट्याच्याही खाली. ऑफिसात पोराला पेढे नेले. त्याने एक खाल्ला आणि माझ्या एस ड्राइव्हवर कसलीही हिरवी खूण नाही ना, ते स्वतः तपासलं.

ही गोष्ट श्रावणातली. काल, म्हणजे बरोबर सात आठवड्यांनी, मुलगी लॅपटॉप काखेत मारून बाहेर आली. प्रोजेक्ट सेव्ह होत नव्हता. तिने वहीत बेरीज मांडली होती, माझ्यासारखीच, डाव्या बाजूला रेघ मारून.

"बाबा, पंचवीस जीबी कुठे गेले ते सापडत नाहीये."

मी पेपर वर धरला. आतून हिचा आवाज आला, "अहो, टीव्हीवर सांगतायत, धरणातून पाणी सोडलंय. मारुतीला कुठवर लागलंय बघून या जरा."

"निघालोच," म्हटलं, आणि चपला शोधायला लागलो.