पुढचे शॉकअप घरी करायचे की शोरूमला? माझं मत

कंपनीतल्या एका पोराने परवा टपरीवर विचारलं, दादा शोरूमवाले पुढच्या शॉकअपचे साडेसहा हजार सांगतायत, करून टाकू का. त्याचा चहा गार होईपर्यंत बोललो, तेच इथे लिहितोय.

माझी गाडी दीडशे सीसी, 2015 ची. रोज नाशिकमध्ये सिडको ते सातपूर, सुट्टीला त्र्यंबक नाहीतर वणी, आणि 2027 च्या कुंभमेळ्याच्या नावाने सध्या शहरात जिकडे बघावं तिकडे खोदकाम. गेल्या वर्षी डाव्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं, कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी नाक खाली करायची आणि पोटात गोळा यायचा. शोरूमला नेली तर तिथल्या पोराने लांबूनच बघून सांगितलं, सर दोन्ही असेंब्ली, म्हणजे आख्खे शॉकअपच, बदला. वर लेबर, लेबरवर 18 टक्के जीएसटी. मी विचारलं ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि एका बाजूला किती एमएल टाकता, तर म्हणे कंपनीचंच टाकतो सर. त्याचीही चूक नाही म्हणा, संध्याकाळपर्यंत दहा जॉबकार्ड संपवायची असतात त्याला, तो कशाला माझं वजन विचारेल.

पण खरा मुद्दा वजनाचाच आहे ना. मी 88 किलो, मागे बायको, टाकीवर पोरगं. शॉकअपमधली स्प्रिंग वजन पेलते आणि तेल फक्त स्प्रिंगचा वेग आवरतं, दबताना पण आणि उसळताना पण. हे न कळल्यामुळे लोक गाडी बसते म्हणून जाड तेल ओततात. मी पण ओतलं होतं, खोटं कशाला बोलू! पहिल्यांदा घरी केलं तेव्हा 20 डब्ल्यू, म्हणजे जाड तेल, टाकलं, वरून जास्तीचं 30 एमएल प्रत्येकी, म्हटलं एकदाच कडक होऊ दे. गंगापूर रोडला मस्त वाटलं, पण काँक्रीटच्या रस्त्यावर प्रत्येक जोडाला मनगटात हातोडा, आणि महिन्याभरात चांगलं असलेलं उजवं सीलही, म्हणजे तेल अडवणारं रबर, गेलं. तेलाच्या वर जी हवा असते तीच शेवटी दाबली जाते, तिला जागाच ठेवली नाही तर प्रेशर सीलवर येणार, दुसरीकडे जाणार कुठे.

दुसऱ्यांदा शहाणपणाने केलं. मॅन्युअलमधलं माप, मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज, दोन्ही बाजूला एकसारखं तेल. सील बसवायला पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला तुकडा. शॉकअपच्या पाइपवर गंजाचे बारीक खड्डे होते ते पाण्याच्या पॉलिशपेपरने घासले, ते राहिले तर नवीन सीलही फाटतं. स्प्रिंगच्या वर 15 मिमीची पीव्हीसी पाइपची चकती टाकली, त्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त थोडी वर बसते. मग शॉकअपच्या पाइपला झिप टाय बांधून गाडीवर बसलो आणि हळूच उतरलो, टाय किती सरकला ते मोजलं. शॉकअप एकूण साधारण 130 मिमी दबतो, त्यातले 40 च्या आसपास नुसतं बसल्यावर जायला हवेत, म्हणजे तिसरा हिस्सा. हे शोरूममध्ये माझ्यासाठी कोणी केलंय असं मला तरी आठवत नाही. सील, डस्ट कव्हर, ऑइल धरून 900 च्या आत पडलं.

आता अडचणीही सांगतो. शॉकअप काढायच्या आधी, टी मध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, असतानाच वरची टोपी सैल करा आणि काढताना तोंड बाजूला, खाली स्प्रिंग दाबलेली असते. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या ऑइलच्या पाइपवर लटकवू नका, तारेने बांधा. आणि चाक काढलेलं असताना कोणाला ब्रेक दाबू देऊ नका, माझ्या भाच्याने दाबला, पिस्टन बाहेर आले आणि अर्धा रविवार त्यातच गेला. खालचा एलन बोल्ट आतल्या रॉडसकट नुसता फिरत राहतो, तिथे हट्ट केला नाही, शॉकअप उचलून पाथर्डी फाट्याच्या गॅरेजवर नेला, त्याने इम्पॅक्ट गनने क्षणात काढला, 50 रुपये आणि चहा.

मागच्या शॉकअपला मात्र हात लावू नका. बाजूला गॅसची डबी असलेल्यात नायट्रोजन प्रेशरने भरलेला असतो, मोनोशॉकची (मागे एकच शॉकअप असतो त्याची) स्प्रिंग तर बोटं घेईल. हुक पान्याने स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करा तेवढंच. गाडी वॉरंटीत असेल तर पुढचंही शोरूमलाच द्या, विषय संपला.

त्या पोराला रविवारी सकाळी घरी बोलावलंय, सील आणि ऑइल घेऊन ये म्हटलं. पुठ्ठेही आण म्हटलंय, कारण पार्किंगच्या फरशीवर गेल्या वेळचा काळा डाग अजून आहे आणि तो दिसला की बायको मला शोरूमचं बिल परवडलं असतं म्हणते.